अण्णा ताळ्यावर आल्याचे पेढे

“सोड! सोड म्हनतो न्हवं! आरं ए भाड्या, माझी पिशवी सोड!”

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लटकली होती आणि आतून माझे वडील गरजत होते. मग धाड, धाड, दणक्यावर दणका. मग काच फुटल्याचा खळ्ळ आवाज. मग पुन्हा अण्णा, “आता कुटं पळशील? आँ? आता कुटं पळशील?”

मी कामोठ्याहून मटणाचा डबा घेऊन आले होते आणि तशीच जिन्यात उभी राहिले. कोपरखैरण्याची आईअण्णांची ती सोसायटी आवाजाला घाबरणारी नाही. निम्मी बिल्डिंग वाशीच्या बाजारातून रिटायर झालेल्या हमालांची. ही माणसं कानात कुजबुजली तरी ठाण्याला ऐकू जातं. पण त्या दिवशी सातही मजल्यांची दारं उघडली. सेक्रेटरी बनियनवर धावत आला, वॉचमन लिफ्टची चावी शोधत सगळे खिसे उलटे करत होता.

“ताई, आत चोर आहे! काका मारतायत त्याला!” सेक्रेटरी म्हणाला.

“मारू द्या,” मी म्हटलं. “पोलिसांना द्यायला काही शिल्लक राहतंय का तेवढं बघा.”

दार ओढून उघडलं तर आधी अण्णांचे पाय दिसले, मग पायांवर ठिबकणारं रक्त, मग भाजीची पिशवी छातीशी कवटाळलेले अण्णा. तोंडावर असं हसू, की जसं काही गावच्या जत्रेतली चांदीची गदा मारून आलेत.

“पळालं,” ते म्हणाले. “म्हातारंच व्हतं. पर लई चिवट. पिशवी सोडंना.”

लिफ्टला दार एकच. पळायला उंदरालाही वाट नाही. मागच्या भिंतीवरच्या आरशाची मात्र नुसती चौकट उरलेली. नंतर सेक्रेटरीनं ऑफिसात नेऊन मला कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. अण्णा पिशवी घेऊन आत शिरतात. मागं वळतात. समोर एक म्हातारा, अगदी त्यांच्यासारखीच पिशवी घेऊन. अण्णा त्याला बोट दाखवून दम देतात. तोही बोट दाखवतो. पहिला ठोसा त्या दोघांत कुणी मारला याचा निकाल अजून लागलेला नाही.

हाताला टाके किती पडले हे मी प्रत्येकाला वेगळं सांगितलंय, त्यामुळे खरा आकडा आता माझाच मला आठवत नाही. सेक्रेटरी म्हणाला, हे सगळं कमिटीपुढे जाणार. मी म्हटलं, खुशाल जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी मी वाशीहून पेढे आणले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. कमिटीलासुद्धा.

पेढे कशाचे, हे कळायला आधी अण्णा म्हणजे काय चीज होती ते सांगावं लागेल.

अण्णा पाटणकडचे. तालमीत वाढलेले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि बाजार वाशीला हलला तेव्हा बाजाराबरोबर खाडी ओलांडून इकडे आले. कांदाबटाट्याच्या हमालांच्या टोळीत होते. एक गोणी पाठीवर, एक काखेत आणि तिसरी दातात धरून चालायचे. तिसरीबद्दल कुणाला शंका असेल तर असू दे, मी त्यांची मुलगी आहे, मला विचारा. एकदा एका ट्रकवाल्यानं रिव्हर्स घेताना टोळीतल्या गड्याचा पाय चेंगरला आणि वर शिवी दिली. अण्णांनी त्याला खाली ओढायला केबिनचं दार धरलं. दार हातात आलं. मग त्यांनी त्याला दारानंच मारलं. एका व्यापाऱ्यानं वजनात लबाडी केली तर त्याचा काटा उचलून शेडच्या छपरावर फेकला. तो अजून तिथंच आहे आणि कावळे त्याच्यावर वजन करून बघतात.

घरातही तेच. वर्ल्डकपात आपला बॅट्समन शून्यावर गेला म्हणून आमचा टीव्ही दुसऱ्या मजल्यावरून खाली गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापले टीव्ही घाईघाईनं आतल्या खोलीत नेले. अण्णांची थप्पड विजेसारखी असायची. आधी लखकन दिसायचं, आवाज मागाहून यायचा. आठवड्यातून एक माझ्या वाट्याला, दोन धाकट्या भावाच्या. आईच्या वाट्याला किती, हे कुणी कधी विचारलं नाही.

या गोष्टी मी हळदीत सांगते, बारशात सांगते, एकदा तर तेराव्याला सांगितल्या आणि घरातली माणसं डोळे पुसत हसली. कामोठ्याला माझं पोळीभाजी केंद्र आहे, तिथं लोक दोन पोळ्या घ्यायला येतात आणि अण्णा ऐकून चार घेऊन जातात. आई समोर असली की गोष्ट रंगात आली रे आली, ती पाणी आणायला उठायची. तिला पहिल्यापासूनच पाणी आणायची फार सवय.

आणि असला हा माणूस एकदम मवाळ झाला.

रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. गार्डनमधली त्यांची ठरलेली खुर्ची कुणीतरी पटकावली, तर अण्णा म्हणाले, “बसा, बसा.” खुर्चीतल्या माणसाला घाम फुटला, तो उठून घरी गेला. टोळीतले जुने दोघं बस धरून माझ्याकडं कामोठ्याला आले, मयताला आल्यासारखे खाली मान घालून बसले.

“पोरी, पैलवानाचं काय तरी बिनसलंय.”

“काय झालं?”

“म्या मुद्दाम आईवरनं शिवी दिली त्याला. बगावं म्हनून.”

“मग?”

“हासला. आन् माज्या पाठीवरनं हात फिरवला.” त्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

मग सुरू झाले आमचे इलाज. मी दर आठवड्याला पायाचं सूप नेऊ लागले. भावानं कसल्या कसल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या. भाऊ म्हणजे बेलापूरला नोकरी, नेरुळला फ्लॅट, आणि तोंडातून शब्द काढताना त्याच्यावर जीएसटी लागतो असं समजून बोलणारा माणूस. टोळीवाल्यांनी एक भगत आणला. त्यानं नारळ ओवाळला आणि सांगितलं की कुणीतरी यांचे हात बांधलेत. अण्णा दिवसभर लहान पोरांची कार्टून बघत, एका मयतात खो खो हसले, बिस्किटाचा पुडा एका बैठकीत संपवू लागले. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला चिंता हातांची. पण डॉक्टरकडं जायचं कुणाला सुचलं नाही. माणूस मारायला लागला म्हणून डॉक्टरकडं नेतात हे मी ऐकलं होतं. मारायचा थांबला म्हणून नेऊन दाखवायचं काय? केस पेपरवर लिहायचं काय?

म्हणून पेढे. लिफ्टचा आरसा फुटला आणि अख्ख्या टोळीनं सुटकेचा निःश्वास टाकला. “पैलवान ताळ्यावर आला!” म्हणत म्हातारे एकमेकांना टाळ्या देत होते. एकानं तर पार्किंगमध्ये शड्डू ठोकला आणि त्याचा खांदा निखळला. अण्णा बँडेज बांधलेला हात उंच धरून सगळ्यांकडं टकमका बघत होते.

मी आईपुढं पुडा धरला. “घे की गं. तुझा नवरा परत आला.”

“मला ग्वाड नको,” आई म्हणाली.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. रविवार होता, भाऊ आला होता, मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. आई कोथिंबीर निवडत होती. अण्णा स्वयंपाकघरात आले, दारात थांबले आणि आईकडं बघत म्हणाले, “कोन गं तू?”

आई म्हणाली, “आवं, मी.”

“मी म्हंजी कोन? माजी बायकू कुटं लपवलीस?”

आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. आता आमचं ते स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढं. भावानं मागून अण्णांच्या पाठीवर उडी घेतली. गोणी समजून अण्णांनी त्याला आपसूक पेलला आणि तसेच त्याच्यासकट गरकन फिरले, भावाच्या पायांनी शेल्फवरचे सगळे डबे खाली आले. पिठाचं धुकं झालं. त्या धुक्यात मी लाटणं उचललं, अण्णांना मारायचं म्हणून उचललं हे मी नाकारत नाही, आणि ते भावाच्या गुडघ्यावर बसलं. भाऊ बोंबलला, “ताई, अगं मी आहे!” कुकरची शिट्टी झाली. अण्णा ओरडत होते, “सांग, कुटं हाय ती? सांग!” आणि आईचं मनगट ओट्याच्या कडेवर आपटत होते, एकदा, दोनदा, गोणीची गाठ सुटत नसली की आपटतात तसं. आधी बांगड्या फुटल्या, मग काकडी मोडावी तसा आवाज आला.

सगळे थांबले. अण्णासुद्धा. पिठानं पांढरे झालेले आम्ही चौघं एकमेकांकडं बघत राहिलो.

आईनं आवाज काढला नाही. या वेळी तिला पाणी आणायला उठता येत नव्हतं, एवढंच.

प्लास्टर घालून होईपर्यंत मी त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत इतकी बडबडले की नर्सनं मला दोनदा बाहेर काढलं. आई बाहेर आली तशी मी म्हटलं, “आजच्या आज कामोठ्याला चल. आज मनगट आहे, उद्या मान असेल.”

भाऊ गुडघा चोळत म्हणाला, “पनवेलच्या पुढं एक सेंटर आहे. अण्णांना तिथं ठेवू. प्रॉपर स्टाफ असतो.”

“मी कुटं जानार न्हाई,” आई म्हणाली. “आन् त्यास्नीबी कुटं धाडायचं न्हाई.”

“मारून टाकतील तुला ते!”

“माजा मानूस परत येईल.”

“अगं आई, हाच तुझा माणूस! जन्मभर हाच होता!”

“ह्यो न्हवं,” ती म्हणाली.

मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागेना, आणि अर्थ लागला नाही की मी आवाज वाढवते. रिक्षात ओरडले, जिन्यात ओरडले, शेवटी आईनं प्लास्टरचा हात वर केला. “डाक्टरला इचारू,” ती म्हणाली. “तो परत येतोय का, तेवढंच इचारायचं. न्हाई म्हनला तर येते तुज्याकडं. मग एक शब्द बोलायची न्हाई.”

शपथ घेतल्यासारखी बोलली. मी म्हटलं, ठरलं. मी काय, तिला उचलून न्यायला डोक्यावर टोपली घेऊनच फिरत होते.

डॉक्टर निघाली बाई, आणि तीही एवढीशी की अण्णांनी तिला एका हातावर उचलून फायलींच्या कपाटावर ठेवली असती. भावानं वाशीला कुठूनसा तिचा नंबर मिळवला होता. मेंदूची डॉक्टर. तिनं अण्णांना समोर बसवलं, आमच्याशी न बोलता आधी त्यांच्याशी बोलली, हे मला आवडलं.

“आजोबा, मी तीन शब्द सांगते, थोड्या वेळानं विचारीन. आंबा, खुर्ची, रुपया.”

“लिवून घे की,” अण्णा म्हणाले. “येवडी शिकलीस.”

“बरं. आज वार कोणता?”

“बाजार चालू हाय का बंद, ते सांग. मग वार सांगतो.”

ती हसली. घड्याळ काढायला सांगितलं तर अण्णांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका कोपऱ्यात गोण्या थप्पीला लावाव्यात तसे रचले. थोड्या वेळानं तिनं ते तीन शब्द विचारले. अण्णांनी तिला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, “तू कोनाची?”

हसून हसून माझं पोट दुखायला हवं होतं. हे मी हळदीत सांगितलं तर मांडव कोसळेल. पण मी भावाकडं बघितलं आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

बाईनं लघवीची तपासणी, रक्त, मेंदूचा फोटो असं सगळं लिहून दिलं. म्हणाली, एकाएकी इतकं बिघडतं त्याच्यामागं कधी साधी कारणंही असतात, लघवीत जंतू, पोट साफ नसणं, झोप नसणं, कुठं दुखत असेल आणि सांगता येत नसेल. ते आधी शोधू. आरसे झाका. समोर उभं राहून वाद घालू नका, ‘मीच तुमची बायको’ असं पटवायला जाऊ नका. चौघांनी मिळून धरायचं तर मुळीच नाही, त्यानं माणूस जास्त घाबरतो.

“घाबरतो?” मी म्हटलं. “बाई, हा माणूस ट्रकचं दार उपटून—”

“घाबरलेत ते,” ती म्हणाली. “अनोळखी माणसांनी घेरलंय असं वाटतंय त्यांना.” मग आईकडं वळून, “आजी, तुम्ही झोपता का?”

आईनं माझ्याकडं बघितलं. प्रश्न तिला विचारलाय हे तिला कळेना.

“आता मला एक सांगा,” बाई म्हणाली. “यांच्या स्वभावात बदल पहिल्यांदा कधी जाणवला?”

“लिफ्टपासून,” भाऊ म्हणाला.

“कसला बदल?” मी म्हटलं. “हे पहिल्यापासून असेच आहेत. मधे जरा थंड पडले होते, आता परत—”

“दोन दिवाळ्या झाल्या,” आई म्हणाली.

आई आम्हा दोघांकडं बघत नव्हती, प्लास्टरकडं बघून बोलत होती.

“एक दिवस उटले आन् भांडी घासाय लागले. म्या म्हनलं, आता ह्यातलं कायतरी डोक्यात घालनार. तर न्हाई. घासून पालती घातली. मग रोजच. चा करायचे. माज्या डोक्याला तेल लावायचे, म्हनायचे, केस गेले गं तुजे समदे. मी म्हनलं, तुमीच उपटले. तर रडाय लागले. लेकरावानी.” तिनं डाव्या हातातल्या बांगड्या सारख्या केल्या. “म्या काचंच्या बांगड्या भरल्या. लगीन झाल्यापास्नं कदी घातल्या नव्हत्या, फुटायच्या, हातात घुसायच्या. दोन वर्सं एक न्हाई फुटली.”

ते मी बघितलं होतं. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी म्हटलं होतं, काय गं आई, या वयात फॅशन.

“मला वाटलं, देवानं ऐकलं,” आई म्हणाली. “तर तेवडंच इचारायचं होतं. तो मानूस परत येतोय का?”

बाईनं पेन खाली ठेवलं. मेंदूचा पुढचा भाग लगामासारखा असतो म्हणाली, तो झिजायला लागला की माणसाचा स्वभाव बदलतो. कुणी उधळतं, कुणी अगदी मऊ होतं, कुणी आधी एक आणि मग दुसरं. विसरणं पुष्कळदा मागाहून येतं. घरच्यांना ते कळत नाही, त्यांना वाटतं माणूस सुधारला. हे असंच आहे हे फोटो बघितल्याशिवाय ती ठामपणे सांगणार नाही, पण सगळं ऐकून तिला तसं वाटतंय.

“म्हंजी,” आई म्हणाली, “ते चांगले वागत हुते, तो आजार.”

“सुरुवात असू शकते, आजी.”

“आन् आता मारत्यात, तोबी आजारच.”

“हो.”

“मग आजार नसताना मारत हुते ते काय हुतं?”

“तो माणूस परत येईल असं नाही वाटत, आजी,” बाई एवढंच म्हणाली. मला हवं होतं तेच तर ती बोलली होती, तो माणूस परत येणार नाही. मी जिंकले होते. आणि मी काय केलं, तर टेबलावर अशी मूठ मारली की तिच्या मेंदूच्या प्लास्टिकच्या मॉडेलचे दोन तुकडे उडून भावाच्या मांडीत पडले. “आजार?” मी ओरडले. “तेवढी दोन वर्षं मिळाली तिला, ती पण आजाराच्या नावावर लिहिता तुम्ही?” बाहेरून माणूस आला. भाऊ तुकडे परत बसवत “सॉरी, सॉरी” म्हणत होता. फक्त अण्णा शांत होते. ते माझ्याकडं बोट दाखवून बाईला म्हणाले, “हिला तपासा आदी.”

घरी आलो. भावानं कपाटाच्या आरशावर चादर बांधली, सुऱ्या-विळ्या एका गोणपाटात गुंडाळून माझ्या गाडीच्या डिकीत टाकल्या. आईनं पलंगाखालून बॅग ओढली. डाव्या हातानं एकेक लुगडं त्यात ठेवायला लागली. शब्दाला पक्की बाई. मी मदत करायला गेले तर म्हणाली, “राहू दे. त्यास्नी जेवायला वाढ.”

भाऊ त्यांच्याजवळ राहणार होता, सेंटरचं बघेपर्यंत. मी पिठलंभाकरी केली. शेवटचं म्हणून वाढायला आई स्वतः आली. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले, टेबल त्यांना कधीच मानवलं नाही. एक घास घेतला. थांबले.

इतक्या वर्षांत मी अण्णांच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, एक मात्र कधी कुणाला सांगितलेली नाही, कारण ती कितीही रंगवली तरी तिला हसू फुटत नाही. जेवणात काही खुपलं की अण्णा ताट सरकवायचे. हातानं नाही, पायानं. डाव्या पायाच्या अंगठ्यानं, सावकाश, अन्न जमिनीवर सांडेपर्यंत. आणि म्हणायचे, तुझ्या बापानं हेच शिकवलं व्हय. राग नसायचा आवाजात. मग आई ते सांडलेलं गोळा करायची आणि तेच जेवायची.

अण्णांनी मांडी मोडली. डावा पाय पुढं केला. ताट सरकलं. पिठलं फरशीवर आलं.

“तुज्या बापानं हेच शिकवलं व्हय?”

आवाज तोच. डोळेही तेच, ओळखणारे. आपण कुणाशी बोलतोय हे त्या क्षणी त्यांना पक्कं ठाऊक होतं, मी कुठल्याही देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन.

आई खाली वाकली. मला वाटलं, आता गोळा करणार. तिनं डाव्या हातानं अण्णांच्या थोबाडीत मारली.

लोकहो, मी मारामारीची जाणकार आहे. मी सांगते, तसली थप्पड आमच्या खानदानात झाली नाही. गॅलरीतली कबुतरं उडाली ती बहुधा उरणलाच उतरली. भावाच्या हातातला फोन पडला. अण्णांची मान फिरली, कवळी निघून पिठल्यात पडली. आई तशीच उभी, हात अजून हवेत. मला वाटलं, आता ते उठणार. मी लाटणं शोधत होते.

अण्णा उठले नाहीत. गालावर हात ठेवून वर बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा सैल पडला, नांगर काढून घेतल्यावर होडी हलते तसा. मग त्यांची नजर आईच्या हाताकडं गेली.

“हात लाल झालाय तुजा,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “भाजला व्हय?”

आईनं हात खाली घेतला.

“बग की. भाजलाच हाय.” त्यांनी तिचा हात ओढून जवळ घेतला, दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यावर फुंकर घालायला लागले. फू, फू, फू. गाल फुगवून, मन लावून. त्यांच्या स्वतःच्या गालावर चार बोटं उठलेली.

आईनं बराच वेळ हात काढून घेतला नाही. मग काढला. फरशीवरचं पिठलं पुसलं, केरात टाकलं. कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. दुसरं ताट घेतलं, वाढलं. आतल्या खोलीत गेली आणि बॅगेतली लुगडी एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली. मी मागोमाग गेले. हे डॉक्टरीणबाईंना कुणी सांगू नका, पण तेव्हा मला बाईंचे सगळे नियम एकदम तोंडपाठ आठवले.

“आई, ठरलं होतं आपलं! आणि हे काय केलंस? एवढं समजावून सांगितलं ना तिनं? आजारी माणसाला मारतं का कुणी?”

आईनं कपाटाचं दार लावलं, चादर नीट केली.

“आजारी मानसाला न्हाई मारलं,” ती म्हणाली. “तो मागनं आला, फुंकर घालाया.”